बागेतली हरळी

वांद्रे, मुंबई
माघ वद्य पंचमी

सौ. पार्बतेले पुंजारामचा भरभरून आशीर्वाद.

मी मजेत हाओ, पोटभर जेवतो. खाऱ्या हवेनं हाताले भेगा पडल्या, पन तू त्याचा घोर करू नोको. तू इचारलं का वांद्र्यात वांदरं किती आहेत. एकही नाही! समुद्र मात्र दारातच हाय. बाजूले वाचनालय, तालीम, आन् लोकाइले नुसतं बसाले भली मोठी बाग. तिथंच मी माळी लागलो.

पयल्याच दिवशी घोटाळा केला. बागभर हरळी माजलेली पाहून मले राहवलं नाही. आपल्या वावरात उपटतो तशी मुळासकट उपटून अर्धा कोपरा साफ केला. सायब बोंबलत आला. हरळी त्याइनं मुद्दाम लावली होती! नोकरी जाता जाता वाचली. आता मीच तिले रोज पाणी देऊन राहिलो.

मायचा खोकला कमी झाला काय? कांद्याचं निंदन तू एकटीच करत असशील.

चैतात तुले इकडे आनतो. सांजच्याले बागेत बसू. पन तुहे दोन्ही हात मी धरून ठेवीन, नाहीतर तूही उपटाले लागशील. लोक पाहतील त पाहू दे.

तुहाच,
पुंजाराम