सातवं लक्षण आणि असोला नारळ

३ नोव्हेंबर, सोमवार
'सजीव म्हणजे काय', पहिलं प्रकरण, सहावीच्या मुलांसाठी. शुक्रवारी द्यायचंय. इतकी वर्षं पेपरच्या कचेरीत काढली, त्यामुळे शुक्रवार म्हणजे शुक्रवार. लक्षणं सात: हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, चेतना, प्रजनन. दुपारपर्यंत सहा लिहून झाली. सातव्याचं वाक्य गिरगावहून, प्रकाशकाच्या आराखड्यात तयारच आलंय. 'प्रत्येक सजीव आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करतो.' उतरवून घेतलं. खोडलं. चहा केला.
मला मूल नाही. विलासने आणि मी त्याचं जे काही वाटून घ्यायचं ते केव्हाच वाटून घेतलं. आता दुखत नाही. पण माझ्याच हाताने मला दगडधोंड्यांच्या यादीत बसवायचं, तेही सहावीच्या पोरांसमोर, हे जमणार नाही.

४ नोव्हें., मंगळ
नलूवन्संचा फोन. विलासची मोठी बहीण, वरळीच्या. लेकीचं, केतकीचं, डोहाळजेवण रविवारी, दादरला हॉल घेतलाय. "सुधा, तू पानांचं बघशील ना? तुझ्यासारखं कोणाला जमत नाही."
लग्न होऊन आले त्यानंतर दोनेक वर्षांनी मी या घराण्याची पानं बघायला लागले. पानांचं बघायचं म्हणजे ओटी भरायच्या वेळी आत, वाढप्यांजवळ असायचं. का, ते कोणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.
वन्सं वाईट नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रोज वरळीहून पेज घेऊन यायच्या. तेही इथे असू दे.

५ नोव्हें., बुध
सातही लक्षणं घरातच तपासली. आधी गॅसची ज्योत. हलते, खाते, हवा मागते, धूर सोडते, वाढते, फुंकर घातली की वाकते. आणि प्रजा? काडीपासून शेगडी, शेगडीपासून देवाजवळचा दिवा. सातपैकी सात, आणि निर्जीव.
मग खाटेखालचा असोला नारळ. विलासने गणपतीत गावाहून आणला, सोडणासकट तसाच पडलाय. हलत नाही, वाढत नाही, काही मागत नाही. वरून बघता सगळ्यांत नापास. आणि जिवंत.
विलासने कानाशी धरून हलवला. भांडायचं असलं की तो मालवणीत शिरतो. "पाणी वाजता. जितो आसा."
"आणि कोंब आलाच नाही तर?"
"नाय इलो तर नाय इलो. म्हणान काय आताच मेलो?"
प्रकरणाची दिशा मिळाली. त्याला सांगितलं नाही, उगाच मान ताठ करून फिरला असता.

७ नोव्हें., शुक्र
दिलं. वेळेत. सातवं लक्षण असं: जिवांची जात पुढे चालते ती प्रजननामुळे. पण एकेका जिवाला जिवंत असायला त्याची गरज नाही. पोळ्यातल्या कामकरी माश्या सहसा अंडी घालत नाहीत, पोळं त्याच चालवतात. खेचराला पिल्लू होत नाही, ओझं वाहतं आणि लाथही मारतं. शेवटी दोन वाक्यं: 'हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना मूल नाही. त्या जिवंत आहेत.'
तासाभरात अनिकेतचा फोन. संपादक, वयाने माझ्या भाच्याएवढा. "मॅडम, माशी मस्त. खेचर पण चालेल. पण ती शेवटची दोन वाक्यं..."
"चुकीची आहेत?"
"चुकीची नाहीत. पर्सनल आहेत."
"प्रकरण सजीवांवर आहे ना रे?"
मग, "शिक्षक विचारतील."
"विचारू देत. उत्तर सोपं आहे."

९ नोव्हें., रवि
पानं मांडून घेतली, मीठ-लिंबू वाढून घेतलं. मग पिशवी घेऊन बाहेर आले आणि ओटीच्या रांगेत उभी राहिले.
वन्सं लगबगीने आल्या. "सुधा, अगं पानं..."
"झाली वन्सं."
"नाही म्हणजे, मीठ..."
"वाढलं."
पिशवीतून असोला काढला तर हशा पिकला. एक जण म्हणाली, "तुमच्या लालबागला शेंडीचा मिळत नाही का हो?" केतकी म्हणाली, "मामी, हा मावेल कुठे?" म्हटलं, "तू जरा पोट सरकव." मागून कोणीतरी, "बघा हो, अशा वेळी कुणी..." पुढचं गिळलं. मी वळून पाहिलं नाही. हळदकुंकू, तांदूळ, खण, नारळ. सगळं केतकीच्या ओटीत घातलं.
वन्सं पंख्याकडे बघत होत्या.
पहिल्या पंगतीला बसून जेवले. वन्संनी न विचारता पानात जिलबी टाकली. "खा."

१३ नोव्हें., गुरु
करी रोडहून, सासरहून, केतकीचा फोन. नारळ बाल्कनीत, कुंडीत ठेवलाय. "आई म्हणते, फोडून खाऊन टाका, बाळंतपण होईस्तोवर घरात नको."
"तू काय म्हणालीस?"
"म्हटलं, मामी रागावेल."
"मी कधी रागावते गं?"
"मला माहितेय. आईला माहीत नाही."
हसलो दोघी. फोन ठेवल्यावर मात्र... या दोन महिन्यांत काही वेडंवाकडं झालं तर त्याचा दोष कोणाच्या हातावर येईल, मला ठाऊक आहे. ओटी भरताना पण ठाऊक होतं. भरली.

१६ नोव्हें., रवि
केतकीने फोटो पाठवला. कुंडी, नारळ. कोंब नाही. मागे वन्सं, हातात तांब्या. पाणी घालायला आल्यात की नुसत्या फोटोत आल्यात, कळत नाही. विलासने मोठं करून पाहिलं. "तिका विचार." नाही विचारणार.

१७ नोव्हें., सोम
प्रुफं आली. शेवटच्या दोन वाक्यांवर लाल रेघ. समासात 'जागा कमी'. त्याच पानावर खाली चार बोटं कोरी जागा.
खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असला की त्याच्याखाली टिंबं द्यायची, ही आमच्या धंद्यातली रीत. दिली. प्रत्येक अक्षराखाली. प्रुफं घेऊन स्वतः गिरगावला गेले.
अनिकेत पान उलटसुलट करून बघत होता. "वरून सांगितलंय हो मॅडम."
"मग हेही वर दाखव. ती वाक्यं जाणार असतील तर माझं नावही काढा. आणि प्रकरणही."
"शुक्रवारी छपाईला जायचंय."
"मी कधी शुक्रवार चुकवला?"
आता पान वर गेलंय. लाल रेघ आणि माझी टिंबं, दोन्ही एकाच ओळीवर. टिंबं मी दाबून दिलीत. पान उलटं केलं तरी बोटांना लागतात.