पंचवीसपैकी बावीस

दादा,

नमस्कार करते, कारण तू मोठा आहेस. दुसरं कारण सापडत नाही.

आई माझ्याकडे खुशाल आहे. काळजी कानांची. तुझ्याकडे झालेल्या मराठी तपासणीत तिने ऐकून पंचवीसपैकी बावीस शब्द बरोबर सांगितले, इथे इथल्या भाषेत नऊ. "परकी भाषा, चुकणारच. कानाला साधं मशीन पुरे," असं तू मला ऐकवलंस. अरे, माझी मुलं सांभाळताना ती इथली भाषा फडाफडा बोलायला शिकली.

तरी काल तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणून तोंडापुढे कागद धरून मी तिला मराठी शब्द वाचून दाखवले. दहाच आले. मग तिकडे बावीस कसे, असं विचारलं तर म्हणाली, "तिथे दादाच समोर बसून वाचत होता. त्याचे ओठ मला पाठ आहेत."

म्हणजे दोन्ही भाषांत तिला सारखंच कमी ऐकू येतं. ताकदीचं मशीन घेतेय. तुला विचारत नाहीये.

वहिनीची कंबर कशी आहे?

आणि परवा फोनवर तू आईकडे तिची तिकडच्या घरातली खोली मागितलीस, तेव्हा ती "हो, हो" म्हणाली. फोनवर ओठ दिसत नाहीत, दादा. आज तुझा प्रश्न मी तिला कागदावर लिहून दिला. चष्मा पुसून तिने तो दोनदा वाचला आणि "नाही" म्हणाली.

तुझी धाकटी