गाडी चालू करू नकोस

कोरीन,

गाडी अजिबात चालू करू नकोस. इंजिनात थेंबभर ऑइल नाही. किल्ली मी खिशात घातली आहे, पण दुसरी तुझ्या पर्समध्ये असते हे मला ठाऊक आहे, म्हणून हा कागद.

शनिवारी तू ओरेगॉनला निघणार. अडीच हजार मैल त्या काळ्याकुट्ट ऑइलवर तुला कोण जाऊ देईल? सकाळी सगळं काढून टाकलं, आणि मग ऑइलचा नवा फिल्टर बसेचना. चूक माझीच. काल दुकानात 'कुठली गाडी?' असं विचारलं, आणि माझ्या तोंडून तुझ्या आईचीच ब्यूक निघाली. ती गेल्यावर ती गाडी विकली, त्यालाही आठ महिने झाले. आता माझा पिकअप ट्रक घेऊन फिल्टर बदलून आणायला चाललोय. हसायचं तेवढं मी यायच्या आत हसून घे.

राजमा-खिम्याची चिली गॅसवर आहे, गरम करून खा.

गाडीखालच्या ऑइलच्या ट्रेमधला जुना फिल्टर फेकू नकोस. त्यावर तारीख आणि मैल तुझ्या आईच्या अक्षरात आहेत. मी गाडीखाली आडवा असायचो आणि ती मीटरवरचा आकडा वाचून, नव्या फिल्टरवर मार्करने लिहून मग माझ्या हातात द्यायची. याच्यावर खाली 'कॉफी निवतेय, लवकर बाहेर ये' असंही लिहिलंय.

नवा आणला तरी मी लगेच बसवणार नाही. मार्कर इथेच ठेवलाय. आकडा तू लिही. त्याच्याखाली दोन शब्दांची जागा उरते.

बाबा