शर्टाचा खिसा

मंगळवार, संध्याकाळ

"चोरून गोड खाता, नाहीतर गोळ्या घेऊनही शुगर वाढते कशी?" असं म्हणत बायको वर्षभर माझ्या शर्टाचे खिसे तपासत होती. एकदा तर वैतागून शर्टच तिच्या हातात दिला. घे, झाड! इकडे वजन उतरतच होतं.

आज नव्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि तिलाच सांगितलं, "यांचा काही दोष नाही. हा टाइप वन मधुमेह आहे, मोठेपणीही होतो. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, आजपासून इन्सुलिन." बाईंचे उपकार कसे फेडू? वर म्हणाल्या, शुगर एकदम उतरली तर जवळ साखर हवी.

उद्या अंबडला कारखान्यात सकाळची पाळी. बायकोने आत्ताच साखरेची पुडी बांधली आणि माझ्याकडे न बघता शर्टाच्या त्याच खिशात ठेवली.