जात्यावरचा दुसरा आवाज

पुणे, ९ फेब्रुवारी २००२

ती. आसराताईस,
धाकट्या बेबीनंदाचा सा. न. वि. वि.

हे पत्र द्वारकाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच.

“त्या बाईपुढं गायला भ्या वाटत न्हाई, तिला कुठं आपली बोली कळती?” आई म्हणाली होती, आठवतं? पॅरिसहून आलेल्या त्या बाई शहागडला आपल्या ओसरीवर टेप घेऊन बसल्या होत्या. गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं जातं तुम्ही दोघींनी त्यांच्यासाठी पुन्हा मांडलं होतं.

त्या टेप आता माझ्याकडे आल्यात. मी कॉलेजात फ्रेंच शिकवते म्हणून आईच्या ओव्या फ्रेंचमध्ये करायचं काम बाईंनी मला दिलं. आई गेल्यानंतर तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. आधी नुसती रडत बसले. मग ही ओवी आली:

साळू माझी लेक, पाय न्हाई घसरला,
जावयाचा हात, पाठीला लागला.

आपली साळूआक्का पाय घसरून आडात पडली, असं तिच्या नवऱ्यानंच, तुझ्या दिरानं मल्हारीनंच सगळ्यांना सांगितलं होतं ना?

फ्रेंचमध्ये जावयाला ‘सुंदर मुलगा’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. तो मला लिहवेना, दुसरा कोरडा शब्द घेतला. त्यांच्यात माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. आक्काचं काढताना हात थांबला.

ताई, प्रत्येक ओवीत आईमागून तुझा आवाज येतो. या ओवीला येत नाही. जातं मात्र फिरत राहतं. तुला ठाऊक होतं का?

ओव्यांचं पुस्तक पॅरिसला छापायला जायच्या आधी कळव. जीव लावतेस तो तसाच असू दे.

तुझी,
बेबीनंदा

---

अंतरवाली सराटी, २० फेब्रुवारी २००२

चि. बेबीस,
आसराचे अ. आ.

एरवी द्वारकी लिहिती, आज मीच लिहून राह्यले. चौथी पास बाईचं अक्षर हाय, मास्तरीणबाई, हसू नको.

ठाऊक होतं. गाताना आईनं माझ्याकडं बघितलं. माझं तोंड उघडलं न्हाई. पण जात्याचा खुंटा सोडला असता तर सगळ्यांनी का म्हणून इचारलं असतं.

साळू गेली तवा तिची द्वारकी रांगत होती. मी बोलले असते तर मला घराबाहेर काढलं असतं, अन् लेकरू त्याच्याच हातात राह्यलं असतं. मंग त्याच हातावर रोज भाकर वाढली, आजबी वाढून राह्यले. पोरगी मला आई म्हणती, त्याला बाप. वैशाखात तिचं लगीन हाय, वडीगोद्रीला दिली. पोरगा बरा हाय, लाजाळू. तुला यावंच लागतंय.

तू म्हणशील, तिकडं पॅरिसात आपलं कोण वाचतंय. आईबी तसंच म्हणली होती, अन् ते तुझ्यापर्यंत बराबर आलं. द्वारकीपर्यंत यायला किती येळ?

माया कमी करू नको. केलीस तरी मी बोल लावणार न्हाई.

ती ओवी गाळ. गाळणं लई जड वाटलं तर ओवीतलं बाकी सगळं पुस, नुसतं साळूचं नाव राहू दे, त्या मोठ्या अक्षरानं. तू न्हाईच म्हणणार, मला माहीत हाय. तरी मागते.

तुझी,
ताई