भेगेवरची काच

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण बुद्धविहाराच्या भिंतीवरून झालेलं आपलं भांडण मी अजून सोडलेलं नाही. सोडणारही नाही.

आणीबाणी लागायच्या आधीचा तो वैशाख. बांधकामाच्या डिप्लोम्याला सुट्टी लागली म्हणून मी जऊळका स्टेशनावर उतरून घरी येते, तर वस्तीनं अंगमेहनत करून उभारलेल्या विहाराला भेगा गेलेल्या. गवंडी तुम्हीच. पौर्णिमेला सारी वस्ती आत बसणार होती. कोणती भेग नुसती गिलाव्याची आणि कोणती वाढतेय, हे डोळ्याला कळत नव्हतं. माझ्याकडे होती एका जुन्या तसबिरीची काच, तिच्या पट्ट्या निघाल्या चार. तीन मोठ्या भेगांवर मी त्या आडव्या ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं बसवली, चौथी राखून ठेवली. भेग वाढली की काच तडकणार, इतकं साधं. कोपऱ्यातली तडकली.

"एखाद्या पोट्ट्यानं गोटा मारला असन," तुम्ही म्हणालात. मग मी चौथी तिथेच बसवली आणि सिमेंट वाळल्यावर समोर ठाण मांडून बसले. तीही गेली, माझ्या डोळ्यांदेखत. मी दाराला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

तुम्ही चारचौघांत ओरडलात, "चाबी दे! माह्या हातची भित हाय ते."

"नाई देत. आत लेकरं बसतीन, बाबा."

"लोकं थुंकतीन माह्या तोंडावर. पोरीनंच बापाले खोटं पाडलं म्हंतीन."

"म्हनू द्या."

पौर्णिमा उघड्यावर, अंगणात झाली. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. भिंत पडली नाही. पावसाळ्यात काळी माती फुगली, भेग मिटली, तेव्हा मात्र हाताला धरून मला तिथं नेलंत आणि विचारलंत, "कुठी हाय तुही भेग?" पुढे पाहुण्यांसमोरही हेच हसत हसत विचारत राहिलात, शेवटपर्यंत.

नाही पडली, बाबा. तरी मी परत कुलूप घालीन. उन्हाळ्यात जमीन फाटत होती, कोपरा खाली ओढत होती. तुमच्या कामाला मी नाव ठेवलंच नव्हतं, मी जमिनीबद्दल बोलत होते. ते तुम्ही एकदाही नीट ऐकून घेतलं नाहीत, याचा राग मला आजही येतो.

हे कागदावर उतरवलं, पण पाठवणार कुठे? म्हणून एक सांगूनच टाकते. त्या पौर्णिमेला सगळे अंगणात वंदना म्हणत होते, तेव्हा मी डोळे मिटून मनात एकच घोकत होते: आत कोणी नाही, आता पडू दे ती भिंत, यांच्या डोळ्यांसमोर.