टोकं सारखी करायची होती

बाबा, काल कोथरूडच्या घरातला ओटा फोडला. फटीतून तांब्याचा कीस निघाला, तेव्हा गवंडी म्हणाला, "घरात सोनार होते काय?" म्हटलं, "नाही, बँकेत कारकून होते. रविवारी नेमबाज."

रविवारी तुम्ही त्या ओट्यावर ताट मांडून रायफलच्या गोळ्या निवडत बसायचात. कारखान्यातून आलेल्या गोळ्यांची तांब्याची टोकं कुठे फाटकी, कुठे लांब. ती छोट्या हत्याराने जराशी कापून तुम्ही एका मापाची करायचात, म्हणजे प्रत्येक गोळी हवेतून सारखीच जावी. आई म्हणायची, "अहो, तांदूळ निवडायला सांगितले की पाठ दुखते तुमची. या निवडताना बरी दुखत नाही!"

राज्य स्पर्धेला जाणाऱ्या क्लबच्या संघाच्या निवड चाचणीत आपण दोघंही उतरलो होतो. तुमचे डोळे अधू होत चालले होते, त्यामुळे तुमची ती शेवटचीच संधी. माझ्या गोळ्या मीच तयार करणार, हा माझा हट्ट. कॉलेजात असल्यामुळे अक्कल भरपूर होती. कानस घेतली आणि एकेक टोक पेन्सिलीसारखं अणकुचीदार केलं. तुम्ही भिंगातून पाहिलंत.

"छान. कोणाला टोचायचंय?" मग म्हणालात, "अगं, बोथट असली तरी चालतात. सगळी सारखी बोथट हवीत. तुझी प्रत्येक गोळी वेगळ्या गावाला जाईल."

मी रुसून मंडईत निघून गेले. परत आले तर डबा पुढे केलात. "केल्यात नीट. घे."

माझी निवड झाली, तुमची थोडक्यात हुकली. क्लबातले मित्र म्हणाले, "काय हो, लेकीनं मागं टाकलं!" तुम्ही म्हणालात, "वय झालं." घरी आईने विचारलं, "तुमचं काय झालं हो?"

"हिचं झालं."

तुम्ही गेल्यावर एकदा मटार सोलताना मी आईपाशी तुमच्या त्या दुरुस्तीचं कौतुक करत होते. ती म्हणाली, "लेख लिहून जगाची अक्कल काढतेस. घासून गेलेलं टोक परत वाढतं का गं? डबे बदलले त्यांनी."

आभार मानले असते तर म्हणाला असतात, "बरं वाटत नाहीये का तुला?" म्हणून हे कुठे छापायला देत नाही. आईने सांगितलं तेव्हा मी खूप रडले, हे खरं. पण निवडीच्या दिवशी क्लबच्या फळ्यावर माझं नाव तुमच्या वर पाहून जो आनंद झाला होता, तो मी अजून परत केलेला नाही.